शून्याच्या मागचं हसू

व्हेर्नर ब्रोगोरनं स्वतःवर कधी पैसा उडवला, असं लेमविगमध्ये कुणी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. कोट एकच, सायकल बापाची, आणि चष्म्याची काडी तुटली तर ती तांब्याच्या तारेनं बांधलेली. पण आवाजाचा विषय निघाला की हा माणूस वेगळाच व्हायचा. तिथं त्याचा हात आखडत नसे.

नोकरी दुधाच्या टँकरवर. पहाटे निघायचं, फ्योर्डच्या, म्हणजे जमिनीत आत घुसलेल्या समुद्राच्या, काठाकाठानं एकेक गोठा गाठायचा, दूध भरून डेअरीत नेऊन ओतायचं. टँकरात त्यानं पदरच्या पैशानं कॅसेट प्लेअर बसवला होता आणि दोन असे दांडगे स्पीकर, की टेकडीपलीकडून आधी बँडचा ठेका यायचा आणि मागून टँकर. समुद्राकडच्या एका गोठ्यावर एक काळा कुत्रा होता. ठेका कानावर पडला की तो शेपटी हलवत फाटकाशी येऊन बसे. एके दिवशी कॅसेटची फीत अडकली, टँकर मुकाट्यानं आला, आणि त्याच कुत्र्यानं व्हेर्नरच्या पोटरीचा लचका तोडला. शेतकरी ओशाळला, पण म्हणाला, "त्याची तरी काय चूक? बिनगाण्याचा तू त्याला ओळखूच आला नाहीस." ही गोष्ट व्हेर्नर स्वतःच सांगायचा, पायजम्याचा पाय वर करून, खूण दाखवून.

त्याची बायको इंगरलीसा वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात होती. तोंडानं फटकळ, हातानं सढळ. व्हेर्नरनं पहिला सीडी प्लेअर घरी आणला, चांगला जड, काळा, पुढं हिरवे आकडे उमटणारा, तेव्हा तिनं किंमत विचारली आणि कमरेवर हात ठेवले.

"एवढ्या पैशात माझं स्वयंपाकघर नवं झालं असतं."

"अगं, पण स्वयंपाकघरातून सूर निघतात का?"

"बरं. मग उद्यापासून बटाटे त्या स्पीकरमध्ये उकडत जा."

पण रात्रीची भांडी आवरली की तीच आधी येऊन सोफ्यावर पाय वर घेऊन बसायची, आणि व्हेर्नरला म्हणायची, "लाव तुझं ते महागडं खोकं."

इंगरलीसा टेकडीवरच्या चर्चच्या गायनवृंदात गायची. खालच्या पट्टीत गाणाऱ्या बायकांची एक रांग असते, त्या रांगेत ती. तिला तिच्या गाण्याचा गर्व नव्हता, पण एका गोष्टीचा होता. ती सांगायची, "वरच्या पट्टीतल्या बायका ऐकू येतात. आम्ही ऐकू येत नाही. आम्ही गप्प बसलो की मग लोकांना कळतं, काहीतरी गेलं."

या वृंदाची सीडी काढायची असं एका हिवाळ्यात ठरलं. ऑर्गनच्या भात्याला भोकं पडली होती, तो बदलायला पैसे हवे होते. काम प्रेबेननं अंगावर घेतलं. प्रेबेन हा व्हेर्नरचा जुना दोस्त. बाजारपेठेत त्याचं रेडिओ-दुरुस्तीचं दुकान होतं, ते बंद पडलं, पण त्याची दुरुस्तीची खोड बंद पडली नाही. तुम्ही त्याच्याकडे कॉफी प्यायला गेलात तर निघताना तुमचं घड्याळ उघडलेलं असायचं. त्यानं चर्चमध्ये मायक्रोफोन लावले, बायकांना रांगेत उभं केलं, पुरुषांना मागं ढकललं. व्हेर्नर गात नव्हता. तो आपला शेवटच्या बाकावर ऐकायला बसला होता.

पहिलं गाणं सुरू व्हायच्या आधी टेप फिरत होती आणि ते कुणाच्या ध्यानात नव्हतं. तेवढ्यात इंगरलीसा बोलली. तिचं बोलणं असं:

"व्हेर्नर, ते दार नीट लाव. वारं आत येतंय." दाराचा आवाज. मग ती विचारते, "आणि मघाचा सराव मागून कसा वाटला?"

मग लांबून व्हेर्नरचा आवाज: "काही वाईट नाही."

आता आमच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या माणसाच्या तोंडी यापेक्षा मोठी स्तुती येत नाही. पोरगी पहिली आली, गाईनं जुळी वासरं दिली, काहीही होवो, माणूस म्हणणार, काही वाईट नाही. इंगरलीसा बाकीच्यांकडे वळून म्हणाली, "ऐकलंत का? हा लग्नात सुद्धा एवढं बोलला नव्हता." आणि ती हसली. तिचं हसणं खालून निघायचं, वर चढायचं, आणि शेवटी नाकातून एक घोरल्यासारखा आवाज यायचा. त्या आवाजाची तिला लाज वाटायची. म्हणून ती हसताना तोंडावर हात घ्यायची, पण त्या दिवशी हातात गाण्याची वही होती.

प्रेबेननं सीड्या आपल्या घरीच एकेक करून तयार केल्या. त्या सगळ्या नाताळच्या बाजारात खपल्या, भाता नवा झाला. आणि इंगरलीसाच्या साठाव्या वाढदिवसाला प्रेबेन एक कोरी दिसणारी सीडी घेऊन आला. व्हेर्नरला बाजूला घेऊन म्हणाला, "पहिलं गाणं सुरू झालं की मागे जायचं बटण दाबून धर. सोडू नकोस."

व्हेर्नरनं दाबून धरलं. हिरवे आकडे उलटे फिरत शून्यावर आले, आणि शून्यावर थांबले नाहीत. शून्याच्याही मागे गेले. तिथं, पहिल्या गाण्याच्या आधी, जिथं कुणी बघत नाही अशा जागी, इंगरलीसा म्हणत होती, व्हेर्नर, ते दार नीट लाव.

पाहुणे पोट धरून हसले. इंगरलीसा लाल झाली. "प्रेबेन, ते काढून टाक. माझं ते डुकरासारखं हसणं सगळ्या गावानं ऐकायचं का?" प्रेबेन नुसता डोळे मिचकावत केक खात राहिला. पुढं दर वाढदिवसाला व्हेर्नर ते लावायचा, ती दर वेळी उशी फेकून मारायची, आणि उशी दर वेळी प्लेअरला लागणार नाही अशा बेतानं पडायची.

मग ती आजारी पडली. पोटात काहीतरी निघालं, उन्हाळ्यात कळलं, पुढचा वसंत तिनं बघितला नाही.

ती गेल्यावर व्हेर्नरच्या ध्यानात आलं की तिचा आवाज कुठंच नाही. फोटोला ती उभी राहायची नाही, कॅमेरा दिसला की तोंडापुढे हात. फोनवरच्या निरोप्या यंत्रात त्याचाच आवाज होता, कारण तिनं सांगितलं होतं, तूच बोल, तुला तेवढंच बोलायला जमतं. वृंदाच्या गाण्यांत ती होती, पण ती म्हणायची तशीच होती. व्हेर्नरनं डोळे मिटून किती वेळा कान लावला, त्या रांगेतून तिला वेगळं काढता येईना. ती फक्त त्या एका जागी होती, शून्याच्या मागे, चिमूटभर.

तो ते रोज ऐकत नव्हता. वर्षातून एकदाच, ऑगस्टात, तिच्या वाढदिवसाला. रोज ऐकलं तर ते हसू झिजेल अशी त्याला भीती. सीडी झिजत नाही हे त्याला ठाऊक होतं, पण कान झिजतात. टँकरमधल्या कितीतरी कॅसेटी त्यानं ऐकून ऐकून मारून टाकल्या होत्या. म्हणून वर्षभर ती कोरी सीडी प्लेअरच्या पोटातच असायची, आणि तो त्या खोक्यावरून जाता-येता हात फिरवायचा.

मुलगी डोर्ते आर्हूसला राहायची. एका शरद ऋतूत ती आली, वरच्या मजल्याकडे बघितलं, बापाच्या गुडघ्यांकडे बघितलं, आणि म्हणाली, "बाबा, आता हा जिना पुरे. बंदराजवळ म्हाताऱ्या माणसांसाठी घरं बांधलीत. दीड खोली, पण उबदार."

"दीड खोलीत ही भिंत कुठं मावायची?"

भिंत म्हणजे सीड्यांची भिंत. जमिनीपासून छतापर्यंत.

"ती नाही मावायची," डोर्ते म्हणाली. मग तिचा आवाज जरा खाली आला. "तू मावशील."

त्यातच प्लेअरनं मान टाकली. सीडी घातली की तो कुरकुरायचा, शोधायचा, कधी वाजवायचा, कधी सरळ बाहेर काढून द्यायचा. व्हेर्नरनं हा विषय गुरुवारच्या मंडळात काढला. ग्रंथालयाच्या तळघरात पाच-सहा म्हातारे जमायचे, प्रत्येकाच्या बगलेत एक थर्मास, आणि वाद एकच, आवाज कशातून चांगला येतो. एकदा दोन जण वायरीच्या जाडीवरून असे भांडले की वर्षभर एकमेकांच्या केकला हात लावला नाही.

प्रेबेन मंडळाचा म्होरक्या. तो सगळं गाणं कॉम्प्युटरवर नेऊन मोकळा झाला होता, आणि नवा धर्म घेतलेल्या माणसासारखा बोलायचा.

"हे बघ, नवा प्लेअर घ्यायचा तर बारा हजार क्रोनर. तुझ्या कानाला बरा वाटेल असा घ्यायचा तर वीस. आणि एवढे देऊन तो काय करणार? एक तबकडी फिरवणार. कॉम्प्युटर तुझ्याकडे आहेच, डोर्तेनं दिलेला. मग खर्च किती? शून्य."

"शून्य?"

"शून्य. आणि भिंत जाते खिशात."

पण त्या शून्याला हळूहळू पिल्लं व्हायला लागली. कॉम्प्युटरचा आवाज बरा करून अ‍ॅम्प्लिफायरला द्यायला मधे एक डबी लागते, ती आली. डबीला धड वायर लागते, ती आली. गाणी साठवायला एक डिस्क आली, आणि ती एक दिवस बंद पडेल म्हणून तिच्यासारखी दुसरी आली. सगळं जोडल्यावर कळलं की कॉम्प्युटरचा पंखा घरघरतो आणि हळू गाण्यात नेमका पुढं पुढं करतो. म्हणून बिनपंख्याचा कॉम्प्युटर आला. व्हेर्नरनं वर्तमानपत्राच्या कडेला बेरीज केली तर एक चांगला प्लेअर येऊन शिवाय जिन्याच्या दोन पायऱ्यांचं सुतारकाम निघालं असतं.

"तुझं शून्य बरंच खातं रे, प्रेबेन."

"एकदाच खातं. पुढं आयुष्यभर फुकट."

"आयुष्य किती उरलंय ते आधी सांग, मग भागाकार करतो."

हे म्हणून व्हेर्नर हसला, पण कामाला लागला. अख्खा हिवाळा तो एकेक सीडी कॉम्प्युटरच्या तोंडात देत बसला. प्रोग्रॅम प्रेबेननंच घालून दिला होता. सीडी उतरवून झाली की तो ती जगभरच्या लोकांनी उतरवलेल्यांशी ताडून बघायचा, कुणाकडे नसेल तर स्वतःच पुन्हा एकदा वाचून ताडायचा, आणि पडद्यावर एक हिरवी खूण यायची. म्हणजे हुबेहूब. एक ठिपका इकडचा तिकडे नाही. व्हेर्नरला ती खूण फार आवडली. डेअरीत दुधाचा नमुना पास झाला की अशीच हिरवी चिठ्ठी मिळायची, आणि त्या चिठ्ठीवर त्याचा उभ्या आयुष्यात विश्वास होता.

पहिल्यांदा त्यानं उतरवली ती अर्थातच प्लेअरच्या पोटातली, कोरी. हिरवी खूण आली. बरं वाटलं. मागचं ऐकायचा मोह झाला, पण वाढदिवस ऑगस्टात होता.

वसंताच्या तोंडाशी इंगरलीसाची शिवणाची टोपली आवरताना त्याला तीच सीडी पुन्हा सापडली. वृंदातल्या बायकांनी एकेक विकत घेतली होती, त्यातली ही तिची. कव्हरवर तिच्या गोल अक्षरात तिचं नाव, आणि त्यावर कॉफीच्या कपाचा वर्तुळाकार डाग. व्हेर्नर बराच वेळ तो डाग बघत बसला. मग ती सीडीही त्यानं कॉम्प्युटरमध्ये घातली. कॉम्प्युटर म्हणाला, ही तुमच्याकडे आहे. तीच आहे. तंतोतंत.

दोन सारख्या सीड्या दीड खोलीत कशाला? त्यानं एक ठेवायची ठरवली. कुठली, हा प्रश्नच नव्हता. जिच्यावर तिचं अक्षर, ती पलंगाजवळच्या खणात गेली, तिच्या चष्म्याशेजारी. दुसरी, कोरी, खोक्यात पडली. सगळी खोकी स्काऊटच्या हॉलमधल्या जुन्या बाजारात गेली. प्लेअर कुणी फुकटही घेईना, म्हणून तो नगरपालिकेच्या भंगाराच्या आवारात गेला. पिवळं जाकीट घातलेल्या माणसानं त्याला लोखंडाचा डबा दाखवला. व्हेर्नरनं प्लेअर फेकला नाही. वाकून ठेवला.

ऑगस्टात वाढदिवस आला. आमच्याकडे वाढदिवसाला दारात झेंडा चढवतात, पण नव्या घराला झेंड्याची काठी नव्हती, म्हणून व्हेर्नरनं टेबलावरचा पितळी दांडीचा झेंडा पुसून उभा केला. बेकरीतून थरांचा केक आणला, त्यावर कागदी झेंडे खोचले, दोन कप मांडले. मग पडद्यावर वृंदाचं पहिलं गाणं लावलं आणि मागे जायचा बाण दाबून धरला.

रेघ डावीकडे सरकली आणि भिंतीला टेकली. गाणं पहिल्यापासून लागलं.

त्यानं पुन्हा धरला. रेघ पुन्हा टेकली. इथं शून्य म्हणजे शून्य होतं. मागे काही नव्हतं.

तो घाबरला मात्र नाही. खणातली सीडी खिशात घातली, गुडघे कुरकुरत असताना सायकल काढली, आणि प्रेबेनकडे गेला.

"प्रेबेन, हसू कुठं गेलं?"

"कसलं हसू?"

"इंगरलीसाचं. शून्याच्या मागचं."

प्रेबेनच्या हातात पेचकस होता. तो त्यानं हळूच खाली ठेवला आणि स्टुलावर बसला.

"प्रोग्रॅम पहिल्या गाण्यापासून धरतो," तो म्हणाला. "त्याच्या आधी काही असेल असं त्याला सांगावं लागतं. वेगळं सांगावं लागतं."

"आणि ते तुला माहीत होतं?"

"मंडळात मीच सांगत असतो की सगळ्यांना."

"मला नाही सांगितलंस."

"अरे, ते मीच तिथं ठेवलं होतं, हेच माझ्या डोक्यातून गेलं. एवढी वर्षं झाली." प्रेबेन तोंडावरून हात फिरवायला लागला. "चल, तुला शिव्या द्यायच्या तर दे."

"शिव्या कशाला? सीडी आहे की माझ्याकडे. प्लेअर तेवढा दे."

प्लेअर प्रेबेनकडेही नव्हता. त्यानंही कधीच काढून टाकला होता. पण त्याच्या जुन्या गाडीत सीडी वाजायची. दोघं म्हातारे अंगणात उभ्या गाडीत जाऊन बसले. गाणं लागलं. व्हेर्नरनं बटण दाबून धरलं. आकडे उलटे आले, शून्याला लागले आणि तिथंच थबकले. त्यानं बोट काढलं, पुन्हा धरलं. प्रेबेननं त्याच्या मांडीवरचं कव्हर उचललं आणि नाव वाचलं.

"व्हेर्नर, ही तिची आहे. हिच्यात नाही ते."

"सगळ्यांतच आहे ना?"

"सगळ्यांत कसं ठेवीन? तिनं माझी कातडी सोलली असती. मी ते एकाच सीडीत घातलं. तुला दिली ती. कोरी."

 व्हेर्नर समोरच्या काचेतून प्रेबेनच्या गॅरेजचं दार बघत राहिला. मग त्यानं विचारलं, "तुझी मूळ टेप?"

"मी पण सगळं कॉम्प्युटरवर घेतलं रे," प्रेबेन म्हणाला. "गाणी घेतली. टेपा दिल्या टाकून."

जुना बाजार आस्ता चालवायची. ती वृंदात वरच्या पट्टीत गायची आणि बोलायचीही त्याच पट्टीत. दोघं त्याच गाडीनं निघाले आणि ती गावाबाहेरच्या आपल्या बागेत सापडली, गुडघ्यावर बसून गाजरं उपटत होती.

"तुझी सीड्यांची खोकी? कोण घेतो हल्ली सीड्या," ती म्हणाली. "दिवसभरात तीन खपल्या. उरलेल्या शेवटी मीच घेतल्या, वीस क्रोनर टाकून. गल्ला रिकामा दिसायला नको."

"कुठं आहेत?"

आस्तानं चिखलाच्या हातानं वर बोट दाखवलं.

तिच्या बागेत चार चेरीची झाडं होती. झाडांवर सुतळीला बांधून सीड्या लटकत होत्या. एक फांदी सोडलेली नव्हती. पश्चिमेच्या वाऱ्यात त्या गरगर फिरत होत्या, एकमेकींवर आपटत होत्या, उन्हाचे कवडसे गवतावरून धावत होते. मे महिन्यापासून त्या तिथं होत्या. चेरी कधीच उतरून झाल्या होत्या.

"पाखरं एक दाणा खाऊ देत नव्हती," आस्ता म्हणाली. "यंदा नऊ बरण्या मुरांबा झाला. काय झालं? तुम्ही दोघं असे का बघताय?"

प्रेबेननं तिला सांगितलं. आस्ताचा हात आपसूक तोंडावर गेला आणि गालाला चिखल लागला. ती शिडी आणायला गेली.

"घरी केलेल्या सीडीची चमकती बाजू निळसर असते," प्रेबेन म्हणाला. "बाकीच्या रुपेरी. निळी शोध."

व्हेर्नर एकेक फांदी खाली ओढून बघायला लागला. त्याची सगळी भिंत तिथं होती. टँकरात वाजायचा तो बँड. डोर्तेच्या लग्नात लावलेले नाच. इंगरलीसाला आवडायचं नाही म्हणून तो तिच्या कामाच्या पाळीत ऐकायचा, ते ऑर्गन. सगळं वाऱ्यावर फिरत होतं आणि कुठूनही आवाज येत नव्हता, नुसती प्लास्टिकची टकटक. तिसऱ्या झाडाच्या दक्षिणेकडच्या फांदीवर त्याला एक सापडली. निळी म्हणावी तर निळी नाही. धुवून धुवून विटलेल्या शर्टाचा रंग असतो तशी.

प्रेबेननं ती उन्हाकडे धरली. काठाला सुतळीसाठी भोक पाडलेलं होतं, गोगलगाईची एक वाळलेली वाट होती.

"भोक काठाला आहे," तो म्हणाला. "सीडी आतून बाहेर वाचतात. तिचं बोलणं अगदी मधे आहे, बेंबीजवळ. भोक तिथवर पोचलेलं नाही."

"म्हणजे वाजेल?"

"ऊन लागलंय फार." एवढंच प्रेबेन म्हणाला.

आस्तानं नळाच्या पाण्यात साबण कालवून ती धुतली, आपल्या स्वच्छ रुमालानं मधून बाहेर अशी पुसली. तिघं गाडीपाशी आले. व्हेर्नर आत बसला, प्रेबेन स्टिअरिंगमागं, आस्ता बाहेर उभी. सीडी आत गेली. भोकामुळे तिचा तोल गेला होता, ती आत थडथडत होती. पडदा कोरा राहिला. मग त्यावर एक आकडा उमटला, आणि गाणं आलं, बारीक, कडकड करत, गारा पडताना दारामागून ऐकावं तसं.

व्हेर्नरनं बटण दाबलं. दुसऱ्या हातानं त्यानं स्वतःचं मनगट घट्ट धरलं.

शून्य. आणि शून्याच्या मागे.

खरखर. कुणीतरी श्वास घेतला. मग अगदी जवळून, कानाशी तोंड आणून बोलावं तसं, "व्हेर्नर, ते दा..."

प्लेअर खाकरला आणि सीडी बाहेर आली.

त्यांनी ती पुन्हा घातली. पुसून घातली. फुंकर मारून घातली. गाडी चालू करून घातली, प्रेबेन म्हणाला, विजेचा जोर कमी पडत असेल. प्लेअर दर वेळी थोडा वेळ चाचपडायचा आणि लिहायचा, तबकडी नाही. शेवटी तो तिला तोंडात घेईनासाच झाला.

"मी फोन तरी पुढं धरायला हवा होता," प्रेबेन म्हणाला. त्याचे डोळे भरले होते आणि तो ते लपवत नव्हता. "एवढं तरी राहिलं असतं. कोपनहेगनला एक कंपनी आहे, असल्या सीड्या वाचते म्हणतात. पैसे मी देतो. कितीही घेऊ देत."

"ऊन लागलंय तिला फार, प्रेबेन. तूच म्हणालास."

प्रेबेननं गाडी बंद केली.

"ऐकलंस ना पण तू?" व्हेर्नरनं विचारलं.

"ऐकलं."

"माझंच नाव होतं."

"तुझंच."

आस्ता काचेशी वाकली. वाऱ्यात तिला काही ऐकू आलं नव्हतं. एरवी तारसप्तकात बोलणारी बाई, पण आता तिनं अगदी हळू विचारलं, "वाजली का रे? कशी वाटली?"

व्हेर्नरनं सीडी कव्हरात घातली, इंगरलीसाच्या अक्षरातल्या नावावरून अंगठा फिरवला.

"काही वाईट नाही," तो म्हणाला.

आणि या बोलण्यानंतर जे यायचं, त्यासाठी तो थांबला. मान थोडी वाकडी करून, टँकरच्या ठेक्याची वाट बघणाऱ्या त्या कुत्र्यासारखा, तो बराच वेळ थांबला. मागं चेरीच्या झाडांवर सीड्या टकटकत होत्या. त्याच्या बाजूचं दार अर्धवट उघडं होतं, त्यातून वारं आत येत होतं. शेवटी त्यानं हात लांबवून ते ओढून घेतलं, आणि नीट लागलं का, ते एकदा ढकलून बघितलं.